आजोबांचे कान

वोलीच्या गळ्यात खंजीर घुसला तेव्हा वाद अजून दुसऱ्याच मुद्द्यावर होता.

तांबुनिंगे गावच्या पुरुषघरात असे पूर्वी कधी झाले नव्हते. म्हणजे खंजीर होते, गळेही होते आणि वाद तर चार पिढ्या चालू होता. पण या तिन्ही गोष्टी एका जागी कधी भेटल्या नव्हत्या. खंजीर मगर कुळीतल्या ताबिनचा होता, कासोवारी पक्ष्याच्या मांडीच्या हाडाचा. हा पक्षी माणसाएवढा उंच असतो आणि त्याचे हाड माणसात विनासायास जाते. वोली गरुड कुळीचा. "आणखी एक सांगतो," असे म्हणून तो उभा राहिला आणि त्याच्या तोंडातून सांगण्याऐवजी रक्त आले. तो दोन पावले चालला, समोरच्या बाकावर व्यवस्थित बसला आणि बसल्याबसल्या मेला.

मग मात्र शिस्त मोडली. कुणी चुलीतले जळके लाकूड उचलले, कुणी भिंतीवरची ढाल काढली. ज्यांच्या हाताला काहीच लागले नाही त्यांनी दातांवर भागवले. एका गरुडाचा कान एका मगरीच्या तोंडात राहिला. तो त्याने थुंकला आणि वर चूळ भरली. खाली, पायांच्या गर्दीत, नवा कोरा लाकडी पुतळा आडवा होऊन इकडून तिकडे लाथाडला जात होता, आणि मेलिंबान हातात नारळाच्या पात्यांच्या तीन जुड्या घेऊन त्याच्याकडे बघत होता. गावातला सर्वांत मोठा वक्ता तो. पुतळाही त्यानेच कोरलेला. गोंधळ कशामुळे झाला हे त्या क्षणी गावात फक्त त्याला कळले होते, आणि आयुष्यात प्रथमच त्याला बोलावेसे वाटत नव्हते.

गावात अशा पुतळ्याला आजोबा म्हणत. खरे नाव वेगळे होते. ते मोठ्याने घेत नसत. जुने आजोबा म्हणजे कमरेएवढी उंची, मोठे डोके, हाताएवढे कान आणि पाठीला जोडलेले छोटे चौरंगासारखे आसन. आसनावर बसायची कुणाची छाती नव्हती. ज्याला बोलायचे असेल त्याने तीन जुड्या उचलायच्या, एकेक मुद्दा मांडायचा आणि प्रत्येक मुद्द्याला एक फटका आजोबांच्या पाठीत हाणायचा. बोलणे संपले की जुड्या आसनावर ठेवून बाजूला व्हायचे. आजोबांपुढे काहीही बोलावे. समोरच्याच्या पणज्याला बेडूक म्हणावे, आजीबद्दल वाटेल ते सांगावे. राग आला तर तोही जुडीला लावून आजोबांच्याच पाठीत घालावा. माणसाने माणसावर हात मात्र उगारायचा नाही. क्वोंबी नावाचे तळे मगरीने शेपटीने खणले की गरुडाने पंजाने, हा वाद अशा रीतीने चार पिढ्या चालला आणि त्यात घशापलीकडे कुणाला काही झाले नाही. वाद मिटावा असेही कुणाला वाटत नव्हते. मिटला असता तर पुरुषांनी पुरुषघरात जाऊन करायचे काय?

चार पिढ्यांच्या माराने आजोबांच्या डोक्याला भेग गेली. मेलिंबानने नवे आजोबा कोरले. रीत अशी होती की जुने आणि नवे समोरासमोर ठेवायचे, दोन्ही कुळींनी दिवसभर जुन्यांपुढे बोलायचे, आणि शेवटी जुन्यांच्या आसनावरच्या जुड्या उचलून नव्यांच्या आसनावर ठेवायच्या. त्या जुड्यांबरोबर आजोबा इकडून तिकडे जातात. उरलेले लाकूड नदीकाठी कुजायला ठेवतात.

आदल्या दिवशी लिंडहोल्ट साहेब मोटारीच्या होडीतून आला. तो नदीच्या गावोगावी फिरून असे पुतळे गोळा करी. नव्या कामाकडे तो ढुंकून बघत नसे. लाकूड जितके किडके तितका त्याचा चेहरा उजळे. त्याने आजोबांच्या भेगेवरून बोट फिरवले आणि त्याचे डोळे भरून आले. त्याची होडी दुपारीच सुटणार होती. त्याने लोखंडी कुऱ्हाड, मिठाची गोणी आणि तंबाखूची जुडगी पुढे ठेवली.

मेलिंबानने विचार केला. नाहीतरी ते उद्या कुजणारच. जुड्या आपण आत्ताच उचलून नव्यांवर ठेवल्या तर दिवसभराची बडबड वाचेल. आजोबा समजूतदार आहेत, ते चालत जातील. पुरुषघरात त्या वेळी कुणी नव्हते. त्याने जुड्या ठेवल्या, नव्या आजोबांच्या तोंडावर सुपारीची मानाची लाल पिंक टाकली आणि जुने आजोबा साहेबाच्या होडीत चढवले. गावाला सांगितले, पहाटे दोन्ही कुळींतर्फे मीच बोललो, सगळे रीतसर केले.

दुसऱ्या दिवशी गरुड कुळीचा क्वासांग पहिला बोलायला उठला. क्वासांग म्हणजे मेलिंबानच्या बायकोचा थोरला भाऊ, आणि वादातला त्याचा जन्माचा जोडीदार. त्याने पहिला फटका मारला आणि कान देऊन थांबला.

"दाजी, हे पोकळ वाजतंय."

"लाकूड नवं आहे," मेलिंबान म्हणाला.

"लाकूड नवं आहे ते दिसतंय मला. आत कोण आहे ते विचारतोय. आणि कान कुठायत यांचे? जुन्यांचे कान आठवा, आणि ही काय चिंचेची बोटुकं लावलीत?"

"प्रमाणात केलेत."

"तोंड मात्र सढळ हातानं केलंय!"

गरुड हसले. मग क्वासांगने परीक्षा म्हणून ताबिनची जुनी गोष्ट काढली. ताबिन दीक्षेच्या दिवशी, पाठीवर मगरीचे व्रण कापून घ्यायच्या वेळी, आईच्या गवती घागऱ्याखाली लपला होता. ही गोष्ट गावाने शंभरदा ऐकली होती. दर वेळी ती आजोबांच्या कानात जाई आणि तिथेच राही. त्या दिवशी तिला जायला जागा सापडली नाही. ती सरळ ताबिनमध्ये गेली. ताबिन मेलिंबानचा धाकटा भाऊ. त्याला स्वतःलाच आश्चर्य वाटले असावे. वोलीने गोष्टीला शेपूट जोडण्यासाठी तोंड उघडले, तोवर खंजीर ताबिनच्या हातात होता.

पुढचे सांगून झाले आहे.

गरुडांनी वोलीला उचलून नेले, जाताना हाणामारीत हाती लागलेली ती लोखंडी कुऱ्हाडही नेली. मेलिंबान बायकोशिवाय कुणाला न सांगता होडीत बसला आणि प्रवाहाबरोबर वल्हवत सुटला. हाताला फोड आले, फुटले, वल्हे चिकट झाले. दुसऱ्या दिवशी दुपारी तो मिशनच्या वळणावर पोहोचला तेव्हा मोठे जहाज नुकतेच धक्क्यापासून सुटले होते. कठड्याजवळ आजोबा उभे होते. कपाळावर पांढऱ्या रंगाने आकडा घातला होता, आणि त्या हाताएवढ्या कानांतून दोरी ओवून त्यांना खांबाला बांधले होते.

"आजोबा!" मेलिंबान ओरडला. "साहेब! ते आत आहेत अजून! रिकामे नाहीत ते!"

साहेबाने त्याला ओळखले. निरोप द्यायला एवढ्या लांब आला म्हणून साहेबाला भरून आले. त्याने टोपी उंचावली, हलवली आणि मेलिंबानचा फोटो काढला.

उलट्या प्रवाहाने परतायला तीन दिवस लागले. तोवर गरुडांनी हिशेब बरोबरीत आणला होता. ताबिन क्वोंबी तळ्यावर जाळे काढायला गेला असता लव्हाळ्यातून सात भाले आले. सहा लागले. सातवा एका वयस्क गरुडाने मारला होता, त्याची नजर अधू होती म्हणून त्याला कुणी बोलले नाही. खंजीर धरणारा उजवा हात त्यांनी मनगटातून तोडला. कुऱ्हाड चांगली होती, यात वाद नाही. एका घावात काम झाले. मुंडकी नेण्याला सरकारने बंदी घातली होती, म्हणून कायद्याचा मान राखून त्यांनी डोके कापले, पण नेले नाही, शेजारी ठेवले.

मेलिंबानच्या घरापुढे त्याची बायको वांजाग्वी अंगभर चिखल थापून सुतकात बसली होती. शेजारी त्यांचा मुलगा अंबुन भाल्याचे टोक निखाऱ्यावर धरून कडक करत होता. अंबुन पंचविशीचा, दोन लेकरांचा बाप. मगर कुळीत आता काकाचा बदला घेण्याची पाळी त्याची होती, आणि समोर भाला घेऊन उभा राहणार होता तो त्याचा सख्खा मामा, क्वासांग.

"अंबुन, ठेव तो," मेलिंबान म्हणाला.

"कशाला?"

"मी बोलतो त्यांच्याशी."

"बाबा, तुम्ही बोलायचं तेवढं बोलून झालंय. काकाचं डोकं शिवून पुरावं लागलं आम्हाला." त्याने भाला फिरवून दुसरी बाजू शेकायला धरली. "उद्या दुपारी पुरुषघरात सगळे येणार आहेत. दोन्हीकडचे. ढाली घेऊन."

तो उठून गेला. वांजाग्वीने नवऱ्याकडे पाहिले. चिखल वाळून तिच्या चेहऱ्याला भेगा पडल्या होत्या, आणि क्षणभर मेलिंबानला वाटले की आजोबाच बघताहेत.

"मिळाले का?" तिने विचारले.

"जहाज सुटलं होतं. कपाळावर आकडा घालून खांबाला बांधलं होतं त्यांना."

"अहो, मग आता दुसरं कोरा."

"कोरून काय उपयोग? आत कुणी नको का?"

"मला मेलीला काय कळतंय? आम्हा बायकांना तर दारात उभं करत नाही तुम्ही." ती शांतपणे म्हणाली. "पण तिथं करायचं काय असतं हो त्यांना? पाठीत मार खायचा आणि ऐकून घ्यायचं. उलट बोलायचं नाही. एवढंच ना? तीस वर्षं मी हेच करतेय, माझ्या कपाळावर कुणी आकडा घातला नाही."

मेलिंबान तिच्याजवळ खाली बसला.

"उद्या एक तर माझा भाऊ मरेल, नाही तर माझा मुलगा," ती म्हणाली. "दोघांना पुरेल एवढा चिखल नदीत आहे. माझ्या अंगावर जागा नाही."

दुसऱ्या दिवशी भर दुपारी पुरुषघरात एका बाजूला मगरी उभ्या होत्या, दुसऱ्या बाजूला गरुड. सुपारीबरोबर खायच्या चुन्याच्या भोपळ्यांत काड्या खरखरत होत्या. ही खरखर रागाची. तिच्यानंतर सहसा बोलणे नसते. मेलिंबान रिकाम्या हाताने आत आला. काखेत नवे आजोबा होते, लाथांनी नाक खरचटलेले. त्याने त्यांना मधोमध ठेवले. मग त्यांच्यासमोर, तोंडाला तोंड करून, गुडघे टेकून बसला, हात मांड्यांवर ठेवले.

"आजोबांना मी विकलं," तो म्हणाला. "रीत केली नाही. केली म्हणून खोटं सांगितलं. तुमचं ऐकायला आज ते नाहीत, त्यांच्या जागी मी आहे. आधी बोला. मग काय ते करा."

भोपळे थांबले. क्वासांग ढाल खाली न ठेवता पुढे आला.

"दाजी, आजोबा मध्ये बोलत नाहीत."

मेलिंबानने मान हलवली.

"मानही हलवत नाहीत. एक शब्द काढलात, एक बोट हललं, तर तुम्ही आजोबा नाही. मग तुम्ही नुसते ताबिनचे भाऊ. आणि ताबिनच्या भावाचं काय करायचं ते आमचं ठरलंय."

त्याने ढाल टेकून ठेवली आणि तीन जुड्या उचलल्या. नारळाच्या पात्यांचे हीर किती कडक असतात हे मेलिंबानला माहीत होते. चाळीस वर्षे त्यांच्या दुसऱ्या टोकाला तोच होता.

"पहिलं. चार पिढ्यांचा म्हातारा तू एका कुऱ्हाडीला दिलास." फटका बसला. पाठीवरचे दीक्षेचे जुने व्रण कोंबडीच्या कातडीसारखे उभे राहिले. "दुसरं. वोली माझ्या चुलत्याचा मुलगा. त्याला नीट भांडताही येत नव्हतं. तो मेला, कारण तुला दिवसभर थांबायचा कंटाळा आला." रक्त आले. "तिसरं." इथे क्वासांग थांबला, जुडी तोलली. "ते वाम माशाचं भाषण, ज्यावर तुझं सगळं नाव आहे, ते तुझं नाही. माझ्या बापाचं आहे. तू चोरलंस."

हे खोटे होते. साफ खोटे होते. ते भाषण मेलिंबानने स्वतः तळ्यावर तीन दिवस उपाशी बसून रचले होते, क्वासांगच्या बापाला तर वाम आणि साप यांतला फरक सांगता येत नसे. दोन फटके त्याने सहज सोसले होते. या तिसऱ्याने त्याचे ओठ उघडले. साऱ्या गरुडांनी भाले सावरले. मेलिंबानने जीभ दातांखाली धरली आणि दाबली. तोंड रक्ताने भरले. ते त्याने गिळले, आणि त्याबरोबर उत्तरही.

क्वासांगने जुड्या त्याच्या मांडीवर ठेवल्या. मग एकेक जण येत गेला. मगरीही आल्या; आपल्या माणसाबद्दल माणसाला जास्त माहिती असते. कुणी वीस वर्षांपूर्वीचे डुक्कर काढले, कुणी होडी. सात भाल्यांतला चुकलेला म्हातारा आला, त्याचा फटका इथेही चुकला, तेव्हा तो ओशाळून परत मारून गेला. मेलिंबानच्या पाठीची साल निघाली, पाती तिला चिकटू लागली. माश्या बसल्या. आजोबा माश्या हाकलत नाहीत.

शेवटी वोलीचा भाऊ सांबान उठला. त्याच्या जुड्या पहिल्याच वाक्याला मोडल्या. पुढचे शब्द त्याला सुचेनात. मग त्याने दोन्ही हातांनी ढाल उचलली आणि तिच्या काठाने वाक्य पुरे केले. ते मेलिंबानच्या जबड्यावर बसले. वाळकी फांदी पायाखाली मोडावी तसा आवाज सगळ्यांनी ऐकला. दोन दात नव्या आजोबांच्या पायाशी जाऊन पडले.

मेलिंबान तिरका झाला, पण गुडघे हलले नाहीत.

"बाबा!" अंबुन ओरडला आणि भाला उचलून झेपावला. त्याच क्षणी क्वासांगही झेपावला, आणि त्याच्या पंजाची एक सणसणीत सांबानच्या कानाखाली बसली.

"डुकरा! आजोबांना ढालीनं मारतोस? आजोबांना कुणी लाकडानं मारतं का?"

तो बोलला, आणि बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते त्याला ऐकू आले. सगळ्यांनाच आले. अंबुनच्या भाल्याचे टोक मामाच्या छातीपासून वीतभरावर थांबले होते. मेलिंबानला ते डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसत होते. जबडा मोडला नसता तर तो ओरडला असता. असे त्याला नंतर पुष्कळदा वाटले, आणि त्या ढालीबद्दल त्याने सांबानला कधी दोष दिला नाही.

"भाच्या," क्वासांग हळू म्हणाला, "आजोबांसमोर भाला?"

अंबुनने बापाकडे पाहिले. चेहरा एका बाजूला उतरला होता, लाळ आणि रक्त छातीवरून ओघळत होते, डोळे समोर. मग अंबुनने भाला जमिनीत रोवला आणि सांबानला म्हणाला, "सरक. माझी पाळी आहे."

त्याने तीन नव्या जुड्या घेतल्या.

"पहिलं," तो म्हणाला. "काका मेला तेव्हा तुम्ही नव्हतात." हलकेच मारले. "दुसरं. तुम्ही मला कधी काही विचारलं नाही. नेहमी सांगितलंत." या वेळी जोरात. तिसऱ्याला त्याने हात उचलला, तसाच धरला, आणि शेवटी एवढेच म्हणाला, "तिसरं तेच. परत." तो फटका त्या दिवसातला सर्वांत जोराचा होता.

मग क्वासांगने मेलिंबानच्या मांडीवरच्या जुड्या, रक्ताने माखलेल्या, सगळ्या गोळा केल्या आणि नव्या आजोबांच्या आसनावर ठेवल्या. बोटाने पुतळ्याच्या डोक्यावर वाजवले. कान देऊन ऐकले.

"आले," तो म्हणाला.

एकमेकांकडे न बघता माणसे ढाली घेऊन घरी गेली. वोली आणि ताबिन परत आले नाहीत. पण तिसरा गेला नाही.

मेलिंबानचा जबडा वांजाग्वीने सालीच्या पट्टीने बांधला. तो वाकडाच जुळला. सागूची पेज नळीने प्यायची, बोलायचे नाही, हे चार महिने चालले, आणि पुढेही त्याचे शब्द ओल्या लाकडासारखे धुमसतच बाहेर पडत. क्वासांग रोज येई. त्याच्यासाठी सुपारी कुटून आणी आणि समोर बसून वाम माशाचे भाषण आपल्या बापाचे म्हणून म्हणून दाखवी, मधली दोन कडवी चुकवून.

"चुकलं का काही, दाजी? सांगा ना."

मेलिंबान ऐकून घेई.

पहिल्यांदा उठून चालता आले त्या दिवशी तो पुरुषघरात गेला, हत्यार घेऊन नव्या आजोबांपुढे बसला आणि कोरू लागला. संध्याकाळी क्वासांगने येऊन पाहिले. आजोबांचे कान आता हाताएवढे दिसत होते.

"हे कसं केलंत?" त्याने चकित होऊन विचारले. "लाकूड काय वाढतं होय?"

मेलिंबानने मांडीवरचा भुसा झटकला आणि पुतळा वळवून दाखवला. गाल तासून उतरवले होते, हनुवटी उतरवली होती. जिथे ते सढळ हाताने केलेले तोंड होते तिथे आता काहीच नव्हते.